सोनेरी टोमॅटो घरच्या बागेत: मराठवाड्यातल्या नवशिक्यांसाठी

सोनेरी टोमॅटोबद्दल सहज हाताशी लागणारी माहिती बहुतेक थंड मुलखातली असते. तिकडे बर्फ वितळला की मार्च-एप्रिलात बी टाकतात, उन्हाळाभर झाड वाढवतात आणि ऑगस्टात फळं तोडतात. तेच वेळापत्रक धरून लातूर-बीडकडे कुणी एप्रिलात रोपं लावली, तर मे महिन्याच्या ४२ अंशांत फुलं देठासकट गळतात आणि माणसाला वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. खरी चूक तारखेची असते. मराठवाड्यात सोनेरी टोमॅटो हे हिवाळ्याचं माळवं आहे. हे पक्कं लक्षात ठेवलं आणि पाणी एकसारखं दिलं, तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी झाड आपली आपण सांभाळून घेतं.

गच्चीवर चार कुंड्या असोत किंवा घरामागे दोन वाफ्यांची जागा, पहिल्या वर्षी चार झाडं पुरे. चार झाडांकडे रोज नीट बघणं होतं. वीस झाडं लावली की बघणं संपतं आणि नुसतं पाणी घालणं उरतं.

हा रंग येतो कुठून

लाल टोमॅटोचा लालपणा लायकोपीन या रंगद्रव्याचा. पिवळ्या जातींत फळामध्ये ते तयार करणारी साखळी सुरुवातीलाच तुटलेली असते, म्हणून फळ पिकलं तरी पिवळंच राहतं. नारिंगी झाक असलेल्या जातींत साखळी पुढे जाते, पण वळण बदलते. त्यातल्या काहींत गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन भरपूर असतं.

आपल्याकडे याचा एक व्यावहारिक फायदा आहे. तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिलं की लायकोपीन नीट तयार होत नाही, त्यामुळे मार्चमधला घरचा लाल टोमॅटो फिकट, नारिंगी-पिवळट, चट्ट्याचट्ट्यांचा दिसायला लागतो. सोनेरी जातीला लाल व्हायचंच नसतं, त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या फळांचाही रंग त्या मानाने चांगला राहतो.

बी कोणतं घ्यावं

पाकिटावर नुसतं ‘यलो टोमॅटो’ लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका. जातीचं नाव, ती संकरित आहे की सरळ वाण (ज्याच्या राखलेल्या बियांतून तेच झाड येतं), आणि झाड उंच वाढणारं आहे की बुटकं, या तीन गोष्टी कळायलाच हव्यात. आधार किती उंच द्यायचा, कुंडी केवढी घ्यायची आणि पुढच्या वर्षीसाठी बी राखता येईल की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

नवशिक्याने सुरुवात चेरी टोमॅटोपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. मोठं फळ पिकायला जास्त दिवस लागतात. तेवढ्या काळात अळीला, उन्हाला, पाण्याच्या हेळसांडीला ते जास्त वेळा सापडतं. चेरीच्या घोसात दोन फळं गेली तरी दहा राहतात. ‘सनगोल्ड’ ही जपानी कंपनीने काढलेली संकरित चेरी जात जगभर गोडीसाठी नावाजली गेली आहे. तिचं फळ पिकल्यावर जर्दाळूसारखं नारिंगी-सोनेरी होतं. तिची साल मात्र पातळ असते, पाण्यात खंड पडला की तडकते. आपल्याकडची म्हणाल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२’ आहे. ती मुळात पॉलिहाऊससारख्या आच्छादनाखालच्या शेतीसाठी काढलेली आहे, म्हणून घरी लावताना तिला जाळीची सावली आणि उंच आधार दोन्ही द्यावं. ‘यलो पेअर’ ही छोट्या नासपतीच्या आकाराची जुनी सरळ जात. गोडीला ती सनगोल्डच्या मागे आहे, पण झाड दणकट असतं, फळं ढीगभर लागतात आणि बी राखता येतं. मुलांना हिचा आकार फार आवडतो.

मोठं फळच हवं असेल तर ‘गोल्डन ज्युबिली’ बघा. हिचं फळ मांसल, आंबटपणा सौम्य. पण ही दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

तारीख

टोमॅटोचं फूल फळात बदलायला दिवसा २१ ते ३० आणि रात्री साधारण १५ ते २० अंश तापमान लागतं. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे गेला किंवा रात्रीही २२-२३ च्या खाली उतरेना, की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. मराठवाड्यात हे गणित नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच नीट जुळतं. म्हणजे फुलं नोव्हेंबरात यायला हवीत, रोपं ऑक्टोबरच्या मध्याला लागायला हवीत आणि बी सप्टेंबरच्या मध्याला पडायला हवं.

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, ही तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. सकाळचं झेंडावंदन आटोपून आलात की बी टाका. चार-आठ दिवस पुढेमागे झाले तरी बिघडत नाही. दसऱ्याच्या आसपास रोपं लावणीला येतात, नोव्हेंबरात फुलं दिसतात आणि चेरी जात असेल तर डिसेंबरच्या मध्याला पहिला घोस पिकतो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येच्या भज्जीत घरचे सोनेरी टोमॅटो घालायचे असतील, तर सप्टेंबर चुकवू नका. मोठ्या फळांच्या जातीला जानेवारी उजाडतो.

जूनमध्ये पहिल्या पावसावर लावण्याचा मोह अनेकांना होतो. शेतकरी खरिपात टोमॅटो घेतात हे खरं, पण ते फवारणीच्या जोरावर. घरच्या बागेत पावसाळी टोमॅटो म्हणजे करपा, चिखल आणि परतीच्या पावसात फुटलेली फळं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

रोपं तयार करणं

प्लास्टिकचा रोपांचा ट्रे नसेल तर चहाचे कागदी कप, दुधाच्या पिशव्या, काहीही चालतं. बुडाला भोक हवं. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळ खत समसमान भरा. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात, म्हणून ते भिजवून, दोन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्या. प्रत्येक कपात दोन बिया, जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. वरून हलकं दाबा, पाणी शिंपडा.

सप्टेंबरच्या उबेत पाच ते आठ दिवसांत बी उगवतं. उगवल्या दिवसापासून कप उजेडात हवेत. सावलीत ठेवले तर रोपं दोऱ्यासारखी लांबतात. दोन्ही बिया उगवल्या तर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत.

या टप्प्यावर दोन संकटं येतात. एक म्हणजे रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडणं. ते जास्त पाण्याने होतं, म्हणून वरचा थर किंचित सुकू द्या आणि कोकोपीटमध्ये आधीच चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ट्रायकोडर्मा मिळतो आणि त्यांचं ‘बायोमिक्स’ नावाचं जैविक मिश्रणही मिळतं. खरपुडी, सगरोळी अशा आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली तर पुष्कळदा तिथेही सोय होते.

दुसरं संकट पांढऱ्या माशीचं, आणि ते जास्त गंभीर आहे. ही माशी टोमॅटोच्या पानं आकसवणाऱ्या विषाणूची वाहक. आपल्या भागात चहूकडे कपाशी असते आणि कपाशीवर ही माशी पोसते. लहान रोपाला लागण झाली तर ते झाड फळ धरत नाही, त्यावर औषध नाही. म्हणून पहिला महिना रोपं झाकून वाढवा. ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) पांढरी जाळी मिळाली तर उत्तम. नाहीतर मलमलच्या जुन्या धोतराचं किंवा पातळ ओढणीचं कापड तारेच्या कमानीवर ताणून, कडा विटांनी दाबून टाका. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून पांढरी माशी आत जाते. या एका कापडावर पुढचा अर्धा हंगाम अवलंबून आहे.

बी टाकायच्या दोन आठवडे आधीच झेंडूचंही बी टाकून ठेवा. त्याचं काम पुढे सांगते.

डबा, पिशवी की वाफा

चेरीच्या एका झाडाला कमीत कमी १५ लिटर माती लागते, २० लिटर असेल तर चांगलंच. आपल्या घरांत सहज मिळणारी वस्तू म्हणजे तेलाचा १५ किलोचा डबा. तो पुरतो. बुडाला सहा-आठ भोकं पाडा, बुड दोन विटांवर उचलून ठेवा आणि बाहेरून बारदान गुंडाळा. पत्रा आणि काळी ग्रो बॅग दोन्ही दुपारच्या उन्हात तापतात आणि कडेची मुळं होरपळतात. बारदान ओलं केलं की डबा गार राहतो. सिमेंटच्या गच्चीवर हे करायलाच हवं.

जागा अशी निवडा की सहा ते आठ तास ऊन मिळेल. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे ऑक्टोबरात उन्हात असलेली कुंडी डिसेंबरात कठड्याच्या सावलीत जाऊ शकते. दक्षिणेची बाजू मोकळी आहे ना, हे आधी बघून घ्या.

आता माती. आपली काळी माती कपाशीला, तुरीला सोन्यासारखी, पण डब्यात नुसती ती भरली तर घात होतो. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, सुकली की आकसून डब्याच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. वरून ओलं दिसतं, मुळं मात्र कोरडी. म्हणून दोन भाग माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण करा. नदीकाठची पोयट्याची माती मिळाली तर काळीऐवजी ती घ्या. प्रत्येक डब्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा.

शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा उग्र वास येत असेल, आत ऊब लागत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि मुळं जळतात.

जमिनीत लावणार असाल तर वाफा २०-२५ सेंटिमीटर उंच करा. दर चौरस मीटरला दोन घमेली शेणखत पुरे. दोन झाडांत ६० सेंटिमीटर, उंच चेरी जातीला ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. मागच्या हंगामात जिथे वांगी, मिरची किंवा बटाटा होता, ती जागा टाळा; ही सगळी एकाच घराण्यातली, त्यांचे मातीतले रोगही सामाईक.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. टोमॅटोला राख घाला, चुना घाला, अंड्याची टरफलं घाला, असे सल्ले सगळीकडे मिळतात. ते आम्लधर्मी मातीसाठी ठीक आहेत. मराठवाड्याची माती आधीच विम्लधर्मी, चुनखडीयुक्त. तिचा सामू (पीएच) अनेक ठिकाणी ८ च्या वर असतो. तिच्यात राख आणि चुना घातला की असलेलं लोह आणि जस्तसुद्धा झाडाला मिळेनासं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम घालून पानांवर फवारलं की आठवड्याभरात नवी पालवी हिरवी येते. बुडाची जुनी पानं पिवळी पडली तर घाबरायचं कारण नाही, ती काढून टाका.

लावणी

२५-३० दिवसांत रोप चार-सहा पानांचं, वीतभर होतं. लावायच्या आधी पाच-सहा दिवस त्याला थोडं थोडं जास्त ऊन दाखवा. लावणी संध्याकाळी करा. खालची दोन-तीन पानं खुडून रोप खोल लावा, अगदी वरच्या पानांच्या जुडग्यापर्यंत. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलेल्या भागावर नवी मुळं फुटतात, त्यामुळे झाड भक्कम होतं. लांबलेलं रोप असेल तर ते तिरकं निजवून लावा.

आधाराची काठी याच वेळी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात.

पाणी

घरच्या टोमॅटोच्या दहा तक्रारींतल्या सात तरी पाण्याशी येऊन थांबतात. आपल्याकडे पाणी हा जिवाचा प्रश्न आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि आजही अनेक गावांत-शहरांत नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं. म्हणून सवय अशी पडते की पाणी आलं त्या दिवशी कुंड्या भरभरून ओतायच्या आणि मग चार दिवस विसरायच्या. टोमॅटोला नेमकं हेच सोसत नाही. कोरड्या मातीत अचानक भरपूर पाणी आलं की फळाचा गर फुगतो, सालीला ताण सोसत नाही आणि ती तडकते. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा दबलेला डाग पडतो तोही याचाच प्रकार. त्याला लोक कॅल्शियमची कमतरता म्हणतात आणि चुना शोधत फिरतात. आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर आहे; ते फळापर्यंत पोहोचतं पाण्याबरोबर, आणि पाण्यात खंड पडला की पोहोचणं थांबतं. पाणी नियमित करा, पुढची फळं आपोआप चांगली येतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात डब्यातल्या झाडाला दिवसाला एक-दीड लिटर पुरतं. फेब्रुवारीत पूर्ण वाढलेल्या, फळांनी लगडलेल्या चेरीला दोन-तीन लिटर लागतं. पण आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: दोन पेर मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नको. पाणी सकाळी द्या, बुडाशी द्या, पानं भिजवू नका.

जमिनीतल्या वाफ्यासाठी मडक्याची जुनी रीत मला सगळ्यात पटते. दोन-तीन लिटरचं, आतून-बाहेरून न रंगवलेलं, साधं मातीचं मडकं दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा म्हणजे डास होत नाहीत. मडकं पाझरत राहतं, मुळं त्याच्याकडे वळतात. दोन-तीन दिवसांनी भरलं की झालं. उन्हात वाया जाणारं पाणी यात जवळपास नसतंच.

दुसरी गोष्ट आच्छादन. सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट, उसाचं पाचट, जे गावात असेल ते बुडाभोवती दोन-तीन इंच पसरा. खोडाला चिकटवू नका. काळ्या मातीला भेगा पडतात तेव्हा मुळं तुटतात. भुसकटाखाली भेगा पडत नाहीत.

आणि पाणी कोणतं, हेही बघा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चांगलं. एसीचं पाणीही चालतं. साबणाचं नको. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी टोमॅटोला घालू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते. अशी पापडी दिसली की ती खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा साठवलेलं पावसाचं किंवा गोडं पाणी खालच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत घाला.

आधार, फुटवे आणि खत

बुटक्या जातीला चार तुराट्या पुरतात. उंच चेरीला त्या पुरणार नाहीत. सहा-सात फुटांचे तीन बांबू वर एकत्र बांधून तिकाटणं करा. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घ्या. गाठ सैल, आत बोट जाईल इतकी.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारे फुटवे लहान असतानाच खुडा. उंच जातीला दोन खोडं ठेवा, त्याहून जास्त नको. पण पानं ओरबाडू नका. परदेशी व्हिडिओंत झाड अर्धं नागवं केलेलं दिसतं, कारण तिकडे ऊन कोवळं असतं. आपल्या उन्हात उघडं पडलेलं फळ भाजतं आणि त्यावर पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो. फक्त जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं, तीही झाड गुडघ्याच्या वर गेल्यावर, काढून टाका.

दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळ खत, किंवा दहापट पाणी घातलेलं जीवामृत. युरिया नको, झाड हिरवंगार माजतं आणि फुलं धरत नाही.

फुलं लागल्यावर

टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, वाऱ्याने हललं तरी फळ धरतं. कठड्याआड वारा लागत नसेल तर सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फुलांच्या घोसामागे काठीला टिचकी मारत जा.

थंडीची लाट आली की काही दिवस फळधारणा थांबते. परभणीचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा रात्री कुंड्या भिंतीलगत सरकवा, वरून बारदान टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. लाट ओसरली की फुलं पुन्हा धरतात.

किडी आणि रोग

रोज सकाळी पानाची खालची बाजू बघायची, ही सवय कुठल्याही औषधापेक्षा मोलाची.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला टांगा आणि आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क फवारा. कडुनिंबाच्या झाडांना आपल्याकडे तोटा नाही. जून-जुलैत निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या असतील तर ५० ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि संध्याकाळी फवारा. निंबोळ्या नसतील तर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली. पानं आकसून, वर वळून, झाड खुरटलं तर ते ठेवू नका. उपटून पिशवीत बांधा आणि बागेबाहेर काढा, नाहीतर उरलेली तीनही जातील.

फळ पोखरणारी हिरवी अळी म्हणजे हरभऱ्यावरचीच घाटेअळी. तिचं अर्धं अंग फळाच्या आत, अर्धं बाहेर असतं, म्हणून सापडते लवकर. हाताने वेचा. इथे झेंडू कामाला येतो: या अळीच्या मादीला फुललेल्या झेंडूवर अंडी घालायला आवडतं. टोमॅटोच्या आधी फुलावर आलेला उंच पिवळा झेंडू शेजारी असला की बराचसा हल्ला तो झेलतो. त्यावरच्या अळ्या मात्र वेचायला हव्यात.

पानात कागदासारखे पारदर्शक डाग आणि फळाच्या देठाजवळ टाचणीएवढं छिद्र दिसलं तर ती टुटा नावाची नागअळी. दक्षिण अमेरिकेतली ही कीड भारतात २०१४ साली महाराष्ट्रातच पहिल्यांदा नोंदली गेली. डाग पडलेली पानं पिशवीत बांधून दिवसभर उन्हात ठेवा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

करप्याचे डाग खालच्या पानांवर येतात, आत एकात एक वलयं दिसतात. ती पानं काढा. तरी पसरलं तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, आणि पाकिटावर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय फळ तोडू नका.

आणखी एक. तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवू नका. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावाटे टोमॅटोला लागतो. घरात कुणी खाणारे असतील तर झाडाजवळ जाण्याआधी त्यांना साबणाने हात धुवायला सांगा, मग ते वडीलधारे का असेनात.

तोडणी

लाल टोमॅटो पिकला हे लांबूनही कळतं. सोनेरीचं तसं नाही. हिरवा, मग पांढुरका, मग फिकट पिवळा आणि मग सोनेरी असा त्याचा प्रवास असतो, आणि फिकट पिवळ्यालाच पिकला समजून बहुतेक जण तोडतात. त्या वेळी तो चवीला पाणचट लागतो. संपूर्ण पिवळा झाल्यावर अजून तीन-चार दिवस थांबा. रंग दाट होतो, देठाजवळची हिरवी झाक जाते, अंगठ्याने दाबलं की किंचित लवतो, आणि देठावरच्या गाठीशी वळवला की सहज तुटून हातात येतो. सनगोल्डसारखी जात तर पिवळेपणा सोडून नारिंगीकडे झुकेपर्यंत राहू द्यावी. तिची खरी गोडी तिथेच आहे.

बुलबुल आणि खारी त्याआधी पोहोचत असतील तर घोसाला जाळीची छोटी पिशवी बांधा.

तोडलेली फळं फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली वास आणि चव दोन्ही उतरतात. परडीत, एका थरात, सावलीत ठेवा. सोनेरी टोमॅटोचा आंबटपणा जिभेला कमी जाणवतो, म्हणून सारात घालताना चिंचेचं बोटुक लागतं. चटणी मात्र अप्रतिम होते: तेलावर लसूण, हिरवी मिरची आणि टोमॅटो परता, भाजलेले शेंगदाणे घालून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचा. लाल तिखट घालू नका, रंग जातो. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खा.

फेब्रुवारी संपता संपता वरून ३५ ते ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली तर मार्चभर तोडे मिळतात. एप्रिलात फुलं गळायला लागली की झाड ओढत बसू नका. असलेली फळं उतरवून घ्या आणि झाडं काढून टाका.

बी राखणं

संकरित जातीचं बी राखू नका, त्यातून आईसारखं झाड येत नाही. यलो पेअर किंवा गोल्डन ज्युबिलीसारख्या सरळ जातीचं जरूर राखा. सगळ्यात निरोगी झाडावरचं, दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं, झाडावरच पूर्ण पिकलेलं फळ निवडा. गर आणि बिया वाटीत काढून थोडं पाणी घाला, वर कापड बांधा आणि दोन-तीन दिवस आंबू द्या. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. तेच उगवण रोखून धरतं. मग चार पाण्यांनी धुवा. तरंगणाऱ्या बिया फेका, बुडालेल्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटतात. आठवड्याने खडखडीत झाल्या की कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर जातीचं नाव आणि साल लिहा, आणि पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. चार वर्षं तरी हे बी चांगलं उगवतं.